शाळेतून वेदीपर्यंत वीस वर्षं

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः नवापूर, चिंचपाडा या पट्ट्यात, ख्रिस्ती मंडळ्या तीन-चार पिढ्यांच्या आहेत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पश्चिम खानदेशात जी मिशनं आली ती स्वीडनची, आणि स्कॅन्डिनेव्हियातून अमेरिकेत जाऊन स्थिरावलेल्या लोकांची. दोन्हींच्या नावात 'अलायन्स' होतं, नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावातला 'ए' त्यातूनच आलेला. या मिशनांना बिशप नव्हते. मंडळीतले लोकच आपल्यातून चार विश्वासू माणसं निवडत, आणि दानपेटीचा हिशोब, गरिबांची मदत, प्रभुभोजनाची मांडामांड असली कामं त्यांच्यावर सोपवत. या माणसांना डीकन म्हणायचं. डीकन व्हायला कोणती परीक्षा नाही, झगा नाही, आणि सोमवारी ते पुन्हा आपापल्या शेतावर किंवा शाळेत.

बिशप असलेल्या चर्चमध्ये मात्र डीकन ही वेगळीच चीज असते. इंग्लंडमधलं अँग्लिकन चर्च, त्याची अमेरिकेतली आणि स्कॉटलंडमधली एपिस्कोपल भावंडं, आणि आपल्याकडे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या सगळ्यांत दीक्षित सेवकांच्या तीन पायऱ्या आहेत: डीकन, पाळक आणि बिशप. पहिल्या पायरीवर चढायचं तर बिशपने डोक्यावर हात ठेवून दीक्षा द्यावी लागते, आणि एकदा दिलेली दीक्षा आयुष्यभराची असते. उत्तर महाराष्ट्राला जवळचं असं हे बिशपचं ठाणं नाशिकला आहे. तिथला धर्मप्रांत अँग्लिकन काळात, 1929 मध्ये, मुंबईपासून वेगळा झाला.

शाळामास्तर हा माणूस या पहिल्या पायरीवर कसा चढला, आणि चढायला त्याला किती वेळ लागला, हे पाहायचं तर खानदेशातून थोडं बाहेर पडावं लागतं.

आधी डीकनचं काम काय ते पाहू. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेममधला एक तंटा आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय, अशी तक्रार आली. प्रेषितांनी सात जण नेमले आणि वाटपाचं काम त्यांच्याकडे दिलं. चर्चची परंपरा डीकनपदाचं मूळ इथे शोधते. म्हणजे हे पद जन्मलं ते प्रवचनातून नव्हे, पंगतीतल्या भांडणातून. गंमत अशी, की त्या सातांतला स्तेफन वाढपी म्हणून लक्षात राहिलाच नाही. त्याने भर सभेत इतकं परखड भाषण केलं की लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात डीकनची कामं नेमकी सांगितली आहेत. उपासनेत पाळकाला मदत करायची, शास्त्रपाठ वाचायचा, पाळक नसेल तेव्हा बालकांना बाप्तिस्मा द्यायचा, गावातले आजारी आणि गरीब शोधून त्यांची खबर पाळकाला द्यायची. आणि मुलांना प्रश्नोत्तरी शिकवायची. प्रवचन करायचं तर बिशपची वेगळी परवानगी लागते. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस पवित्र करणं, पापक्षमा जाहीर करणं ही कामं डीकनच्या कक्षेत येत नाहीत, ती पाळकाची. दीक्षेच्या वेळी बिशप डीकनच्या हातात नवा करार देतो. वयाची अट 23, पाळकासाठी 24. याचा अर्थ उघड आहे: वर्षभर डीकन राहा, काम दाखवा, मग पुढे जा. सरकारी नोकरीतल्या परिवीक्षा काळासारखं.

इंग्लंडातल्या पदवीधर तरुणाला हे वर्ष सहज निघून जाई. आपल्याकडच्या मास्तराला या वर्षापर्यंत पोचायलाच वीस लागली.

सर्वांत बोलकं उदाहरण नीळकंठशास्त्री गोरे यांचं. जन्म 1825, झाशीजवळच्या एका गावात. घराणं कोकणस्थ, पण पोटापाण्यासाठी उत्तरेत गेलेलं आणि पुढे काशीत रुजलेलं. नीळकंठ काशीत संस्कृत शिकले, न्याय आणि व्याकरणात तयार झाले. 1839 मध्ये जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' हे हिंदू धर्मावर टीका करणारं पुस्तक चक्क संस्कृतात लिहिलं, तेव्हा पंडितांनीही संस्कृतातच प्रत्युत्तरं लिहिली. त्यांत सिहोरचे सुबाजी बापू होते, बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन होते, आणि विशीतले नीळकंठ गोरेही होते. त्यांच्या ग्रंथाचं नाव 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. हिंदू धर्माच्या बाजूने इतकं कसून लिहिणारा हा तरुण चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम स्मिथ यांना वादात हरवायला म्हणून गेला, जात राहिला, आणि 1848 च्या मार्चमध्ये जौनपूरला त्याने बाप्तिस्मा घेतला. नाव मिळालं नहेम्या.

घरचं जे व्हायचं ते झालं. बायको लक्ष्मीला नातेवाइकांनी अडकवून ठेवलं. पुढे ती त्यांच्याकडे आली, पण 1853 मध्ये मुलगी झाल्यावर थोड्याच दिवसांत वारली. त्या मुलीकडे आपण येणारच आहोत.

गोरे मिशनचे शिक्षक-उपदेशक झाले. मिशनच्या कारभारात या कामाची उतरंड ठरलेली होती: गोरा मिशनरी वर, त्याच्याखाली देशी शिक्षक आणि उपदेशक, पगार महिन्याचा आणि सही मिशनऱ्याची. देशी माणूस दीक्षित झाला की तो बिशपच्या यादीत जाई; म्हणजे कागदावर तरी तो मिशनऱ्याच्या बरोबरीचा. मग त्याला किती पगार द्यायचा, तो कोणाच्या हाताखाली, हे प्रश्न उठत. तेव्हा विद्वत्ता कितीही असो, दीक्षेची घाई कोणालाच नसे.

1854 मध्ये गोऱ्यांना शिक्षक म्हणूनच एक विलक्षण काम मिळालं. पंजाबचं राज्य गमावलेला, नुकताच ख्रिस्ती झालेला पंधरा वर्षांचा महाराजा दुलीपसिंग इंग्लंडला निघाला होता. त्याच्याबरोबर त्याला शिकवायला म्हणून काशीचे हे शास्त्रीबुवा बोटीत बसले. राणी व्हिक्टोरियाच्या दरबारात दुलीपसिंगाचं कौतुक चाललं होतं, त्या गर्दीत गोरेही होते. ऑक्सफर्डला त्यांची मॅक्स म्युलरशी भेट झाली. म्युलरने पुढे लिहून ठेवलंय, की लंडनमधलं ख्रिस्ती जगणं पाहून हा माणूस पार हादरला होता; पुस्तकातला धर्म आणि रस्त्यावरचा धर्म यांचा मेळ त्याला लागेना. मला हा प्रसंग गोऱ्यांच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा जास्त जवळचा वाटतो. खंडन-मंडनात बुडालेला पंडित पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होता.

परतल्यावर त्यांनी 'षड्दर्शन दर्पण' हा हिंदी ग्रंथ लिहिला. भारतीय तत्त्वज्ञानातल्या सहा दर्शनांचं ख्रिस्ती बाजूने केलेलं हे खंडन 1860 मध्ये निघालं आणि दोनच वर्षांत फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. ग्रंथ इंग्रजीत गेला, पण लेखक अजून दीक्षेवाचूनच. बाप्तिस्मा घेऊन चौदा वर्षं झाली होती.

यात सगळा दोष मिशनचा होता असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. गोरे स्वभावानेच शंकेखोर. जे मानतो ते पटलंय की नाही याची तपासणी ते मरेपर्यंत करत राहिले, आणि त्या तपासणीत पुष्कळदा कोसळले. ज्या मिशनने त्यांना वाढवलं त्याच्या साध्या, संस्कारांना दुय्यम मानणाऱ्या पंथापासूनही ते हळूहळू दूर गेले आणि चर्चच्या जुन्या परंपरेला, विधींना, बिशपच्या अधिकाराला मानणाऱ्या गटाकडे ओढले गेले. असा माणूस पदासाठी रांगेत उभा राहत नाही, आणि व्यवस्थाही त्याला बोलवायला धजत नाही.

शेवटी 1868 मध्ये कलकत्त्याचे बिशप रॉबर्ट मिलमन यांनी त्यांना डीकनची दीक्षा दिली. गोरे तेव्हा 43 वर्षांचे होते. बाप्तिस्म्यापासून वीस वर्षं लोटली होती. त्यानंतर पाळक व्हायला फक्त दोन वर्षं लागली. पुढे ते चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला गेले. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन तिथे त्याच सुमारास उभं राहत होतं, आणि सुरुवातीच्या काळात त्याचा भार या मराठी पाळकावर होता. तेव्हा एपिस्कोपल हा शब्द आपल्याला परका वाटला तरी विदर्भाच्या एका जिल्ह्याला तो दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे.

चांद्याहून पुढची वाट मुंबई, पुणे, ऑक्सफर्ड अशी फिरली. काउली फादर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अँग्लिकन संन्यासी संघात ते 1876 मध्ये उमेदवार म्हणून दाखल झाले, पण अखेरची व्रतं त्यांनी घेतली नाहीत. पुण्यात 1882 च्या सुमारास त्यांची पंडिता रमाबाईंशी चर्चा होत होती. दोघंही संस्कृतात घडलेले. दोघांनाही पटल्याशिवाय पुढे न जाण्याची खोड. रमाबाईंनी सप्टेंबर 1883 मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि बुद्धीला पटलं ते गोऱ्यांच्या लिखाणामुळे, असं स्वतः सांगितलं. पुण्याच्या पंचहौद मिशनचा परिसर याच काउली फादर्सचा. तिथे 1890 मध्ये मिशनऱ्यांकडचा चहा घेतल्यामुळे लोकमान्य टिळकांसह पुण्यातल्या नामवंतांना ग्रामण्याला, म्हणजे जातिबहिष्काराच्या वादाला, आणि प्रायश्चित्ताला सामोरं जावं लागलं, ती गोष्ट मराठी वाचकाला सांगायला नको. गोरे 1895 मध्ये मुंबईत वारले.

दुसरं उदाहरण नाशिकचं आहे, आणि ते तसं आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.

नाशिकजवळचं शरणपूर हे गाव 1850 च्या दशकात विल्यम प्राइस या मिशनऱ्याने वसवलं. अनाथ मुलं, शाळा, सुतारकाम, लोहारकाम, शेती असा त्याचा व्याप. त्या काळी पूर्व आफ्रिकेतून गुलाम भरून निघालेली गलबतं ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडत असे. सुटलेल्या मुलांना मुंबईला आणायचं आणि मग ठेवायचं कुठे, हा सरकारपुढचा पेच. त्यातली पुष्कळ मुलं शरणपूरला आली. मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत असलेला आणि दफनाची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हा याच शाळेतला.

विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हेही इथलेच. लहानपणी आफ्रिकेत पकडले गेलेले, नाशिकला शिकलेले. 1864 मध्ये दोघांना मोंबासाजवळच्या राबई या मिशन ठाण्यावर शिक्षक आणि उपदेशक म्हणून पाठवलं. तिथले लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत: रंग तिथला, शिकवण इथली, आणि दोन्हीकडे थोडे परके. दोघांनी शाळा चालवली, उपासना चालवली. धन्याकडून पळून आलेल्या गुलामांना राबईत आसरा मिळाला, त्यामुळे किनाऱ्यावरच्या मालकांशी झगडे झाले, तेही सोसले. मिशनरी येत, तापाने आजारी पडत, परत जात. हे दोघं तिथेच.

दीक्षा मिळाली 1885 च्या मे महिन्यात. पूर्व विषुववृत्तीय आफ्रिकेचा पहिला बिशप जेम्स हॅनिंग्टन त्या वर्षाच्या सुरुवातीला मोंबासाला पोचला, आणि थोड्याच महिन्यांत त्याने जोन्स व सेम्लर यांना डीकन केलं. पुन्हा तेच गणित: शिकवायला लागल्यापासून एकवीस वर्षं.

जोन्सचं डीकनपद पुढे जसं गेलं तसं कुठल्या प्रार्थनापुस्तकात लिहिलेलं नाही. जुलैमध्ये हॅनिंग्टन युगांडाला निघाला, सोबतीला जोन्स आणि शेकडो हमाल. वाटेत बिशपने मोठा तांडा जोन्सच्या ताब्यात दिला आणि पन्नासेक माणसं घेऊन स्वतः पुढे गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस युगांडाच्या वाटेवरच्या बुसोगात त्याला मारण्यात आलं. थोडेच जण जीव वाचवून आले, त्यांनी बातमी सांगितली. परक्या मुलुखात, अपुऱ्या अन्नावर, खचलेल्या लोकांना घेऊन नवखा डीकन शेकडो मैल परत चालत आला. 1886 च्या फेब्रुवारीत तांडा राबईला पोचला. मंडळीचे लोक जिवंत घरी आणणं हे तसं पाहिलं तर मूळ सात जणांच्या कामाच्या अगदी जवळचं. हॅनिंग्टन हुतात्मा म्हणून चर्चच्या पंचांगात गेला. जोन्सचं नाव इतिहासाच्या तळटीपांत शोधावं लागतं, आणि नाशिकला तर तेही नाही.

आता गोऱ्यांची मुलगी. एलेन लक्ष्मी गोरे, जन्म काशी, 1853. आई गेली, वडिलांचं पाऊल घरात ठरेना. आधी एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबाने तिला सांभाळलं. 1857 च्या उठावात त्यांचं सगळं लुटलं गेलं. मग स्टॉर्स या मिशनरी दांपत्याने तिला घेतलं आणि 1865 मध्ये इंग्लंडला नेलं. बारा वर्षांची मराठी मुलगी पाळकाच्या घरात, त्यांच्या मुलांबरोबर, इंग्रजीतच वाढली. कविता करू लागली. 1880 मध्ये ती भारतात परतली, अमृतसरला स्त्रियांमध्ये काम करू लागली. 1883 मध्ये तिचा इंग्रजी भक्तिगीतांचा संग्रह निघाला. त्यातलं एक गीत अमेरिकन संगीतकार जॉर्ज स्टेबिन्स यांच्या चालीवर देशोदेशी गायलं गेलं. 1892 पासून अलाहाबादच्या बिशप जॉन्सन अनाथालयाची ती अधीक्षिका होती. म्हणजे मुलींचं शिक्षण, पोषण, शिस्त, लग्नं, सगळंच. 1897 मध्ये तिला डीकनेस करण्यात आलं. भारतात परतून सतरा वर्षं झाली होती.

पण वडिलांना मिळालं तेच हिला मिळालं, असं नाही. डीकनेस हे पद अँग्लिकन चर्चने 1862 मध्ये सुरू केलं; लंडनच्या बिशपने एलिझाबेथ फेरार्ड यांना त्या वर्षी पहिली मान्यता दिली. पौलाच्या रोमकरांस पत्रात किंख्रियाच्या मंडळीची सेविका म्हणून फीबीचा उल्लेख आहे, त्याचा आधार होता. तरी ही दीक्षा तीन पायऱ्यांमधली पहिली मानायची की नुसती आशीर्वादासह केलेली नेमणूक, यावर चर्चचं एकमत नव्हतं. 1920 च्या लॅम्बेथ परिषदेत जगभरच्या अँग्लिकन बिशपांनी डीकनेस हे खरंखुरं दीक्षित पद आहे असं मानण्याकडे कल दाखवला. 1930 च्या परिषदेने पाऊल मागे घेतलं. एलेन त्या दोन्ही वेळी हयात होती, उत्तर भारतात कामावर होती. ती 1937 मध्ये वारली. कागदावर तिचं स्थान तिच्या हयातीत एकदा वर चढून पुन्हा खाली उतरलं, आणि कामात मात्र तसूभर फरक पडला नाही. माझ्या मते या सगळ्या हकिकतीत चर्चची सर्वांत अवघड जागा हीच आहे. अनाथ मुलींना वाढवणं, शिकवणं, आजाऱ्यांकडे जाणं ही कामं प्रार्थनापुस्तकातल्या डीकनच्या यादीशी जितकी जुळतात तितकी जोन्सची किंवा तिच्या वडिलांचीही जुळत नाहीत.

अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने 1970 मध्ये डीकनेस आणि डीकन हा भेद काढून टाकला. इंग्लंडमध्ये पहिल्या स्त्रिया डीकन झाल्या त्या 1987 मध्ये, फेरार्डनंतर सव्वाशे वर्षांनी.

अमेरिकेत गेल्या काही दशकांत आणखी एक बदल झाला, आणि शिक्षकांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा. तिथे डीकनपद ही पाळक होण्याआधीची पायरी तर आहेच, पण ते कायमचं पदही आहे. कायमचा डीकन पुढे पाळक होत नाही आणि व्हायची इच्छाही धरत नाही. त्याला बहुधा पगार नसतो. आपली नोकरी करत तो डीकन असतो. शिक्षिका, परिचारिका, समाजसेवक, तुरुंगातले समुपदेशक अशी माणसं यात पुष्कळ. वाट लांबच आहे, फक्त तिचे टप्पे आता लिहून ठेवलेले आहेत. आधी स्वतःच्या मंडळीतल्या लोकांनी नाव सुचवायचं, मग बिशप उमेदवार म्हणून स्वीकारतो. पूर्वायुष्याची चौकशी, वैद्यकीय आणि मानसिक तपासणी होते. शास्त्र, चर्चचा इतिहास, उपासना, सेवाकार्य यांचा अभ्यास बऱ्याचदा शनिवार-रविवारच्या वर्गांतून होतो. विद्यापीठाच्या पदवीचा आग्रह नाही. वयाची अट किमान 24. दीक्षेनंतर तो थेट बिशपच्या आज्ञेत असतो. रविवारी डाव्या खांद्यावरून तिरपा पट्टा घेऊन शुभवर्तमान वाचणारा आणि शेवटी लोकांना 'शांतीने जा' म्हणून निरोप देणारा तो हाच.

चर्च ऑफ नॉर्थ इंडियात डीकनपद अजून मुख्यतः आधीची पायरी म्हणूनच राहिलं आहे. मंडळीची आणि धर्मप्रांताची शिफारस, धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात काही वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास, मग उमेदवारी, मग डीकन, आणि थोड्याच काळात पाळक. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या माणसाला या रस्त्याने जायचं तर नोकरी सोडूनच निघावं लागतं. खानदेशातल्या बिशप नसलेल्या मंडळ्यांत तो प्रश्नच येत नाही. तिथला मास्तर रविवारी प्रभुभोजनाचं ताट फिरवतो आणि सोमवारी हजेरी घेतो, फक्त कोणत्याही बिशपचा हात त्याच्या डोक्यावर पडलेला नसतो.